एकच कनेक्शन

"मॅडम, ही पिशवी बी कशी झाली?"

रक्तपेढीतल्या अकिवाटे काकांनी रक्ताची पिशवी माझ्या डोळ्यांपुढे धरली. तिच्यावरचं लेबल मीच आत्ता छापलं होतं आणि त्यांनी ते चिकटवलं होतं. क्रमांक १२०७, गट बी पॉझिटिव्ह. त्यांच्या दुसऱ्या हातात त्यांची लांबडी वही होती. प्रत्येक पिशवीतलं रक्त पांढऱ्या टाइलवर तपासायचं, निघेल तो गट आधी वहीत लिहायचा आणि मग संगणकात भरायचा, ही त्यांची पद्धत. वहीत १२०७ पुढे त्यांच्या ठसठशीत अक्षरात ए पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं.

"संगणकात भरताना तुमच्याकडून बी पडलं असेल," मी म्हणाले. चूक आधी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय.

"बघा की मग."

मी बघितलं. संगणकात ए होतं. मी पुन्हा लेबल छापलं, ए आलं. तिसऱ्यांदा छापलं, पुन्हा ए.

"आता बरोबर आलं," काका हसले. "उन्हानं मशीनला पण घेरी आली असंल."

मला हसू आलं नाही. माणसाला घेरी येते, यंत्राला येत नाही. ते एकदा चुकलं याचा अर्थ त्याला चुकायला कुणीतरी शिकवलेलं असतं, आणि हा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी एकटीने लिहिला होता.

या गोष्टीला आता वीसहून जास्त वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सांगलीत चुलतभावाच्या दुकानाच्या माळ्यावर दोन संगणक मांडून मी स्वतःला कंपनी म्हणवून घेत होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका ट्रस्टची रक्तपेढी होती, तिचं काम मला मिळालं होतं. आठ महिने सगळं सुरळीत चाललं होतं. पुढच्या काउंटरवर बसणाऱ्या चौगुले बाईंना शिल्लक पाहण्यासाठी सारखं आत यावं लागायचं, म्हणून सहा दिवसांपूर्वी मी त्यांच्याही टेबलावर एक संगणक बसवून दिला होता. त्या दिवशी दुपारी मी आले होते ती एवढ्याचसाठी, की लेबल कधीकधी रेंगाळत येतं अशी तक्रार होती.

"चौगुले बाई," मी आतून हाक मारली, "बीची शिल्लक किती आहे ते जरा विचारत राहा. मी थांबा म्हणेपर्यंत बटण दाबत राहा."

"काय झालंय काय?"

"काही नाही. बघतेय."

त्या बाहेर बटण दाबत राहिल्या आणि मी आत १२०७ चं लेबल छापत राहिले. ए, ए, ए. काका दाराला टेकून माझी गंमत बघत होते. चौदाव्या वेळेला लेबल आलं, त्यावर बी होतं.

मी तो कागद मुठीत धरला आणि तिथेच बसून राहिले.

प्रोग्रामला डेटाबेसशी बोलायला एक वाट उघडावी लागते, तिला कनेक्शन म्हणतात. मी ती एकच उघडली होती. सकाळी उघडायची, संध्याकाळी मिटायची, आणि दोन्ही टेबलांचे प्रश्न तिच्यावरूनच जायचे. पण तिचा एक नियम होता. एका प्रश्नाचं उत्तर पुरतं वाचून झाल्याशिवाय दुसरा प्रश्न विचारायचा नाही. विचारला, तर "कनेक्शन कामात आहे" असं म्हणून ती तो परत पाठवते. एकच टेबल होतं तोवर प्रश्न एकामागून एक यायचे. आता दोघांनी एकाच क्षणी विचारलं, की दुसऱ्याचा प्रश्न नाकारला जात होता. बाईंचं बीचं उत्तर अजून प्रोग्रामच्या हातात असायचं, आणि लेबलावर तेच छापलं जायचं.

नाकारलं गेल्याची सूचना पडद्यावर यायला हवी होती. ती येत नव्हती, कारण मीच ती येऊ देत नव्हते. सुरुवातीच्या दिवसांत काही बारीकसारीक बिघडलं की इंग्रजीत लाल चौकट यायची, आणि चौगुले बाई घाबरून मला सांगलीला फोन करायच्या. दिवसातून चार-चार फोन. मी कंटाळून प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. तिचा अर्थ असा, की काही चुकलं तरी गप्प राहा आणि पुढच्या ओळीवर जा. फोन बंद झाले. बाई म्हणाल्या, आता मशीन कसं शहाण्यासारखं वागतंय.

"काका," मी म्हणाले, "लेबलं चुकलीयत. सगळी नाही, काही. गेल्या सहा दिवसांतली."

"किती?"

"माहीत नाही."

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार कुणा रुग्णाचा नव्हता. कोणतं लेबल कधी छापलं याची नोंद कुठे राहते का, हा होता. राहत नव्हती. मीच ती ठेवली नव्हती. हे आठवल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही जात नाही.

काकांनी खुर्ची ओढली. "घाबरू नका. लेबल चुकलं म्हणून रक्त चढतंय असं न्हाई. पिशवी द्यायच्या आधी पेशंटच्या रक्ताशी मी ती जुळवून बघतो. क्रॉसमॅच. पाऊण तास लागतो, पण चुकीची पिशवी त्यात घावतीच. फ्रिजमधल्या आत्ता वहीशी ताडून बघू, झालं."

"तुम्ही आधी ताडून बघायचाच ना?"

"बघत होतो की. तुम्हीच म्हणाला, आता गरज न्हाई."

म्हणाले होते. प्रोग्राम बसवला त्या दिवशी, मोठ्या ऐटीत. काकांनी ताडून बघणं सोडलं होतं, वही लिहिणं मात्र सोडलं नव्हतं; १२०७ नुकतीच तपासलेली, गट डोक्यात होता म्हणूनच ती नजरेला आली.

ते फ्रिजकडे निघाले आणि दोन पावलांवर थबकले. माझ्याकडे पाठ होती, तरी त्यांचा चेहरा पडल्याचं मला कळलं.

"आज एक बिगर जुळवता गेलीय," ते म्हणाले.

हिंगणवाडी तिथून बारा किलोमीटर. तिथे डॉ. उपाध्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं. एक बाई सकाळी बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा नवरा मोटारसायकलवरून तिच्या रक्ताची बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला होता. पाऊण तास थांबायला वेळ नाही, जबाबदारी माझी, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. काकांनी बाटलीतलं रक्त तपासलं, बी पॉझिटिव्ह निघालं. त्यांनी फ्रिजमधून बीचं लेबल असलेली पिशवी काढून दिली होती.

"नंबर?" मी विचारलं.

चौगुले बाईंनी पिशव्या देण्याचं रजिस्टर आत आणलं. "अकराशे अठ्ठ्याण्णव. पंचवीस मिनिटं झाली जाऊन."

काकांनी वहीचं पान उलटलं. त्यांचं बोट ओळीवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. मी वाकून वाचलं. ए पॉझिटिव्ह.

"काका, बीच्या बाईला ए चढलं तर काय होतं?"

"मरती," काका म्हणाले. "समद्याच मरतात असं न्हाई. पर जिच्या अंगात आधीच रक्त उरलं न्हाई, तिचं काय."

चौगुले बाईंनी हिंगणवाडीला फोन लावला. लागेना, एंगेज होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. प्रसूतिगृहात एकच फोन होता. त्या वेळी मोबाइल गावात दोघा-तिघांकडे असेल, आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. मी काकांचा दंड धरला. "चला, स्कूटर काढा, आधी निघू."

"थांबा."

"काका, पंचवीस मिनिटं झाली."

"रिकाम्या हातानं जाऊन काय करायचं? ती काढून घेतली, मग लावायचं काय?" त्यांनी फ्रिजमधून बीच्या दोन पिशव्या काढल्या, टाइल पुढे घेतली आणि प्रत्येकीतल्या रक्ताचे थेंब टाइलवर टाकले. "तीन मिनिटं लागतात. लेबलावर भरवसा ठेवून मी आज पुन्हा पिशवी उचलणार न्हाई."

ती तीन मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढली. बाहेर बाई फोनची तबकडी फिरवत होत्या, ठेवत होत्या, पुन्हा फिरवत होत्या. काकांनी टाइल हळूहळू कलती केली, डोळ्यांजवळ नेली, दोन्ही पिशव्यांवर पेनाने स्वतःच्या हाताने बी लिहिलं आणि टाइल, औषधाच्या बाटल्या, काचेच्या नळ्या असं सगळं कापडी पिशवीत भरलं.

"चला."

रक्ताच्या पिशव्यांचा थर्मोकोलचा डबा मांडीवर घट्ट धरून मी काकांच्या मागे बसले. एप्रिलची दुपार, रस्ता नुसता तापलेला. मी मनातल्या मनात आकडे मांडत होते. नवरा पोचला असेल. पिशवी डॉक्टरांच्या हातात गेली असेल. सुई टोचलेलीच असणार, सलाईन काढून पिशवी लावायला कितीसा वेळ लागतो. पहिल्या पन्नास थेंबांतच त्रास सुरू होतो, असं काका फाट्यावर वळताना म्हणाले, आणि मला वाटलं त्यांनी हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पुलाच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या एकीमागे एक रस्ता अडवून चालल्या होत्या. काका हॉर्न वाजवत होते, ट्रॅक्टरवाल्याची गाणी मोठ्याने लागलेली. मी डबा काखेत मारून उतरले, पळत ट्रॅक्टरच्या पुढे गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. त्याने करकचून ब्रेक लावला आणि मला आईवरून शिवी दिली. दुसरा कुठला दिवस असता तर मीही त्याला सोडलं नसतं.

प्रसूतिगृहाच्या पायरीवर तो नवरा डोकं गुडघ्यात घालून बसला होता. आत कंपाउंडर फोनला चिकटून आणखी रक्तासाठी इचलकरंजीला विनवण्या करत होता. आमचा फोन का लागत नव्हता ते कळलं. त्याच्या पलीकडच्या दारातून डॉक्टरांचा आवाज येत होता.

"यल्लुबाई, अहो किती वेळ? पिशवी लावायला सांगून वीस मिनिटं झाली."

आम्ही आत घुसलो. खाटेवर पडलेल्या बाईचा चेहरा भिंतीसारखा पांढरा. डॉक्टर दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरून उभे होते, त्यांना तिथून हलता येत नव्हतं. उशाशी एक पोक्त बाई, रुग्णाची आई, कपाळावरून पदर फिरवत होती. आणि कोपऱ्यात स्टुलावर प्रसूतिगृहाची जुनी आया यल्लुबाई बसली होती, रक्ताची पिशवी लुगड्याच्या पदरात गुंडाळून पोटाशी धरून.

"गारढोण हाय, डॉक्टर," ती म्हणत होती. "बर्फातनं काढल्यावानी. ओल्या बाळंतिणीच्या अंगात असं गार रगत सोडलं तर हुडहुडी भरती. मी कुणालाबी तसं लावू देत न्हाई, तुमास्नी ठावं हाय. झालंच आता." ती उठली आणि स्टँडकडे निघाली.

"लावू नका," मी म्हणाले.

सगळे आमच्याकडे वळले. काका पुढे झाले. त्यांनी यल्लुबाईच्या पदरातून पिशवी काढून माझ्या हातात दिली. ती उबदार होती. ११९८, बी पॉझिटिव्ह, माझ्या छपाईयंत्राची सुबक अक्षरं.

"काय झालं अकिवाटे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुसरी आणलीय, साहेब," काका म्हणाले. "ही जरा... पिशवीला बारीक भोक आहे असा संशय आला." ते मला वाचवत होते. त्यांचं माझ्याशी नातं काय, तर आठ महिन्यांची ओळख आणि कधीतरी एकत्र घेतलेला चहा.

रुग्णाची आई माझ्यापाशी आली आणि माझे दोन्ही हात तिने धरले. "उन्हातान्हाचं धावत आलीस, माझे बाई. माझी मालन वाचली तर तुझ्यामुळं वाचंल." तिचे तळवे खरखरीत होते.

तेवढं मात्र मला सोसलं नाही. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. काकांनी वाट करून दिली होती, तिच्यावरून फक्त चालत जायचं होतं.

"मावशी," मी म्हणाले, "पिशवीला भोक नाही. पिशवी चुकीची होती. आत दुसऱ्याच गटाचं रक्त आहे आणि वर कागद तुमच्या मुलीच्या गटाचा. कागद छापणारं यंत्र मी बसवलंय. चूक माझी आहे. ही लावली असती तर ती गेली असती."

तिने माझे हात सोडले. डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं, काकांनी मान खाली घातली. यल्लुबाई स्टुलावर परत बसली आणि आपल्या ओल्या पदराकडे बघत राहिली.

"अकिवाटे, नवी लावा," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले. "बाकीचं मी मग बघतो."

काका डबा उघडायला लागले. मालनची आई त्यांच्या आणि खाटेच्या मधे येऊन उभी राहिली.

"ही बरूबर हाय, हे कुणी सांगायचं?"

"मी तपासलीय, मावशी," काका म्हणाले.

"मगाची कुणी तपासली हुती?"



"आजी, वेळ नाही," डॉक्टर म्हणाले.

"मगाशीबी येळ न्हवता म्हणूनच ती लावत हुता न्हवं?" ती ओरडली नाही. "मला वाचाया येत न्हाई. माझ्या डोळ्याला दिसंल असं दावा, आन मग लावा."

काकांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं आणि खिडकीपाशी टाइल मांडली. मालनच्या बोटातून एक थेंब काढला आणि टाइलवर दोन जागी ठेवला. एका ठिकाणी ए ओळखणारं निळं औषध, दुसऱ्या ठिकाणी बी ओळखणारं पिवळं. त्याच्या खालच्या रांगेत नव्या पिशवीतलं रक्त, तसंच. मालनची आई वाकून बघत होती. मी भिंतीला टेकून उभी होते, माझ्या हातात ती चुकीची पिशवी तशीच होती, ती ठेवायला मला जागा सुचत नव्हती. काका टाइल डोलवत होते. हळूहळू पिवळ्यातलं मालनचं रक्त फाटल्यासारखं झालं, त्यात रवाळ दाणे दिसायला लागले. निळ्यातलं तसंच सपाट राहिलं. खालच्या रांगेतही पिवळ्यात दाणे, निळं सपाट.

"दोनी सारखं," ती म्हणाली.

"सारखं," काका म्हणाले. "दुसरी पिशवी पण तशीच आहे, ती लावायच्या आधी दाखवतो."

"आन ती?" तिने माझ्या हाताकडे बोट केलं.

"ती कशाला आता?"

"दावा."

डॉक्टरांनी मान हलवून परवानगी दिली. यल्लुबाईने नवी पिशवी स्टँडला लावली, या वेळी गार की गरम ते न बघता, आणि पहिले थेंब नळीत उतरले. तोवर काकांनी माझ्या हातातल्या पिशवीतलं रक्त टाइलवर घेतलं. या वेळी निळ्यात दाणे उठले. पिवळं सपाट राहिलं, वरच्या दोन्ही रांगांच्या बरोबर उलट. सगळं तिथेच एका हाताएवढ्या टाइलवर होतं, लहान मुलालाही कळलं असतं. तिने ते नीट पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"हितं बस," ती म्हणाली आणि खाटेच्या पायथ्याचा लोखंडी बाक दाखवला. "समदं संपेस्तोवर उठायचं न्हाई."

मी बसले. डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुम्ही गेलात तरी चालेल. मी गेले नाही. काका दुसऱ्या पिशवीचा खेळ तिला दाखवून झाल्यावर रक्तपेढीत परतले, फ्रिजमधली एकूण एक पिशवी पुन्हा तपासायला. त्यांना आणखी दोन चुकीच्या सापडल्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या बाकावर मी जेवढी भ्याले तेवढी त्याआधी किंवा नंतर कधीच नाही. मला सगळं माहीत होतं, टाइल मी बघितली होती, तरी मालन जरा कण्हली की मी पिशवीवरचं काकांचं अक्षर पुन्हा वाचायचे. काकांची औषधंच जुनी झालेली असली तर? बोटातला थेंब घेताना काही गफलत झाली असली तर? तिच्या अंगावर एकदा शहारा आला. मी अर्धवट उठले, यल्लुबाईने गोधडी ओढून तिच्या अंगावर घातली आणि मला खूण केली, बस. मालनची आई समोर लेकीचे पाय चोळत होती. ती पिशवीकडे बघतच नव्हती. दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायची, माझा चेहरा वाचायची आणि पुन्हा पाय चोळायला लागायची. शेजारच्या खोलीत बाळ रडलं, कुणीतरी त्याला थोपटलं.

पहिली पिशवी संपली, दुसरी लागली. चारच्या सुमाराला डॉक्टरांनी पोटावरचे हात काढले आणि ते भिंतीला टेकून जमिनीवरच बसले. रक्तस्राव थांबला होता. साडेपाचला दुसरी पिशवी संपली. मालनने डोळे उघडले आणि पोरगा का पोरगी, असं विचारलं. सकाळपासून ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पोरगी," तिची आई म्हणाली. मग तिने स्टँडवरची रिकामी पिशवी बोटांनी चाचपली, आत काही उरलं नाही याची खात्री केली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"जा आता," ती म्हणाली.

मी उठायला गेले, पण पाय उचलेनात. दोनदा प्रयत्न केला. ती वाकली आणि दंडाला धरून तिनेच मला उभं केलं.